म्हणे बदलून टाका!

"रेडिएटर गळतोय? मग बदलून टाका!"

जुन्या गाडीच्या मालकाला हल्ली फुकटात काय मिळत असेल, तर हा सल्ला. गॅरेजवाला देतो, शेजारचे काका देतात, पुण्याचा मावसभाऊ देतो, आणि आयुष्यात कधी बॉनेट न उघडलेला अमेरिकेतला भाचाही फोनवरून देतो. (भाच्या, वाचतोयस ना? हे मुख्यतः तुझ्यासाठीच आहे. :) )

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. तांब्यापितळेचा जुना रेडिएटर हा दुरुस्त करण्यासाठीच बनवलेला असतो. तो गळला म्हणून फेकून देणं म्हणजे कळशीला भोक पडलं म्हणून ती भंगारात घालून प्लास्टिकची बादली आणणं.

आमच्याकडे 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, घरातल्या निम्म्या लोकांना माहेरी-सासरी पोचवलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली, तिचीच 1974 साली पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरखाली हिरवट ठिपके दिसू लागले. एका गॅरेजने न तपासताच निदान केलं: "साहेब, हा गेला. अॅल्युमिनियमचा बसवून देतो. ब्रॅकेट थोडे कापावे लागतील, होजपाइपचं बघू काहीतरी." म्हणजे तीन ठिपक्यांसाठी चाळीस वर्षांच्या गाडीच्या अंगावर ग्राइंडर चालवायचा!

आता जरा तो रेडिएटर बघा. वर एक पितळी टाकी, खाली एक, मध्ये चपट्या नळ्या आणि तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी, म्हणजे कोअर. हे सगळं जोडलेलं असतं कथील-शिशाच्या डागाने. हे सोल्डर 183 अंशांपासून पुढे वितळायला लागतं आणि तांबं वितळतं 1085 अंशांना. म्हणजे बाकी कशाला धक्का न लावता टाकी उघडता येते, आतलं साफ करता येतं आणि पुन्हा डाग देऊन बंद करता येते. हा काही योगायोग नव्हे. उलट हल्लीच्या बऱ्याच रेडिएटरांत प्लास्टिकची टाकी रबराच्या गास्केटवर दाबून, पत्र्याच्या कडा दुमडून बसवलेली असते. ते प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ होऊन तडकलं की डाग कुठे देणार?

अॅल्युमिनियम वाईट असं मी म्हणत नाही. हलकं आहे, स्वस्त आहे, नव्या गाड्यांत शोभतं. पण "तांब्यापेक्षा जास्त थंड करतं" हे जे सांगितलं जातं ना, त्यातलं धातूचं श्रेय खोटं आहे. उष्णता वाहून नेण्यात तांबं अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त चांगलं. नवा अॅल्युमिनियमचा रेडिएटर जुन्यापेक्षा थंड वाटतो, याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं की नवा स्वच्छ असतो आणि जुन्यात वर्षानुवर्षं ओतलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसलेला असतो. मग क्षार काढा की!

आम्ही तेच केलं. आमच्या गावात डाग देणारे एक चाचा अजून आहेत. त्यांनी रेडिएटर उतरवला, तोंडं बंद केली, पाण्याच्या हौदात बुडवला आणि झाकणाच्या दाबाइतकीच हवा भरली. जिथून बुडबुडे, तिथे भोक. पाच मिनिटांत निदान! दोन गळत्या टाकीच्या जोडावर होत्या, एक नळीच्या तोंडाशी. टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवली, चिखल काढला, घासून डाग दिला, पुन्हा बुडवून बघितला. संध्याकाळी गाडी घरी. खर्च नव्या रेडिएटरच्या पाव भागाइतकाही नाही.

"आणि कोअरच सडला असेल तर?" रास्त प्रश्न. बोट लावल्यावर पाती भुगा होऊन पडत असतील, नळ्या जागोजाग पाझरत असतील, तर डागावर डाग देत बसू नये. पण तेव्हाही नवा कोअर टाकायचा आणि पितळी टाक्या जुन्याच ठेवायच्या. ब्रॅकेट तेच, होज तेच, गाडीही तीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिशाचा धूर विषारी असतो. खरं आहे, आणि हे काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसं जातं हेही खरं. पण त्यावर उपाय म्हणजे उघडी हवा, धूर खेचणारा पंखा, जेवणाआधी हात धुणं. आपण गिऱ्हाइकांनी त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. कामच बंद पाडणं हा कारागिराच्या तब्येतीचा कळवळा नव्हे.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी, म्हणजे हळद पार्टी. रेडिएटरमध्ये हळद टाका, अंड्याचा पांढरा बलक टाका, गळती बंद! होते ना, घाट उतरून गावात पोचेपर्यंत होते. पण जे भोकात जाऊन बसतं ते चांगल्या नळ्यांतही जाऊन बसतं. आणि गळती म्हणजे नुसतं पाणी कमी होणं नव्हे. रेडिएटरचं काम कुकरसारखं आहे: दाब टिकला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, दाब गळला की उकळतं. कसाऱ्याच्या चढावर बॉनेट उघडून वाफ बघत उभं राहायचं नसेल, तर हळद भाजीत घाला. (आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, हे या निमित्ताने सगळ्या भाच्यांना.)

खरी काळजी वेगळीच आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. ज्या गाड्यांवर या कारागिरांचं पोट होतं, त्या आता आमच्यासारख्या हौशींपुरत्या उरल्या. चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण आम्ही हौशी लोकही "बदलून टाका"च्या मागे लागलो, तर पाच-दहा वर्षांनी डाग देणारा हातच सापडणार नाही. तेव्हा आम्हीच म्हणू, "बघा, जुन्या गाड्या ठेवणं किती कठीण झालंय!" कठीण कोणी केलं?

तेव्हा, ठिपके दिसले तर आधी गाडी थंड असताना होजचे क्लिप आणि वॉटर पंप बघा, निम्म्या वेळा गुन्हेगार तिथेच असतो. मग रेडिएटर हौदात बुडवून घ्या. पाण्याऐवजी कूलंट घाला, तो तांब्यापितळेला आणि सोल्डरला चालतो का ते डब्यावर वाचून. एवढं करून कोणी "बदलून टाका" म्हणालाच, तर त्याला बुडबुडे दाखवायला सांगा. ज्याने बुडबुडे बघितले नाहीत, त्याला मत द्यायचा अधिकार नाही. भाच्या, तुलाही नाही.