दाढेची चौथी नळी

कळंब, वाशी, भूमकडची आपली माणसे ऊसतोडीला जातात, तेव्हा ठणकणारी दाढ गोळ्या खाऊन पाच-सहा महिने दाबून ठेवतात. परतल्यावर एकच बोलणे : उपटून टाका! काही जण पैसे जमवून रूट कॅनल करतात. तरी कधी ठणका परत येतोच. मग दोष नशिबाला. आम्ही नशीब मानीत नाही, म्हणून कारण सांगतो.

वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नसेच्या नळ्या बऱ्याचदा चार. चौथी नळी गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेली, केसासारखी बारीक. ती साफ करायची राहिली की आत जंतू राहतात. साध्या एक्स-रेत मुळे एकावर एक दिसतात. १९९० च्या दशकाअखेरीस आलेल्या सीबीसीटी यंत्राने मात्र दाढेचे काप केल्यासारखे सगळ्या बाजूंनी पाहता येते. त्यात किरण साध्या फोटोपेक्षा जास्त, म्हणून तो सरसकट काढीत नाहीत. गरोदर भगिनींनी आधीच सांगावे. पण दुखणे उलटले असेल, तर दाढ काढण्याआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, एखादी नळी राहिली का?" छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथेही विचारायला लाजू नका.

आणि मिश्री? तिच्याशी पुढच्या अंकात भांडू.