लाकूडफोडीचं यंत्र : घरोघरी की गावात एक?



बंबाची तोटी गळू लागली म्हणून आम्ही मध्यंतरी पुण्यास कसबा पेठेतील तांबट आळीत गेलो होतो. पेशवाईपासून तांब्यावर हातोडी पडत आलेली ही आळी. आता काम करणारी घरं थोडी उरली आहेत, पण मठारकामाचा ठोका अजून ऐकू येतो. जुना बंब दुरुस्तीला टाकून आम्ही सहज नव्याचा भाव विचारला. कारागिराने भाव सांगण्याआधी विचारलं, "घरात माणसं किती? जळण काय घालता?" मगच त्याने बंब पुढे ठेवला.

पुढे थोड्याच दिवसांत एका कृषी प्रदर्शनात आम्ही लाकडे फोडण्याची हायड्रॉलिक यंत्रे पाहिली. तिथे विक्रेत्याने आम्हाला काहीच विचारलं नाही. हे सात टनी, हे पंधरा टनी, हे बावीस टनी, एवढेच सांगत राहिला. आमच्या बरोबरचे दोन सभासद सर्वात मोठ्या यंत्राची नोंदणी करायला निघाले. आम्ही त्यांना थांबवले. का थांबवले, ते सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

टन म्हटलं की आपण ऊसवाले भुलतो. पण हा टन वजनकाट्यावरचा नव्हे, तो रेट्याचा टन आहे. तेलाचा दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे हा रेटा. सिलिंडर आतून १०० मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तर रेटा पावणेबारा टनांच्या आसपास जातो. यंत्रावरच्या आकड्याला भुलण्यापेक्षा सिलिंडरचा व्यास आणि पंपाचा दाब विचारावा, म्हणजे खरं-खोटं आपोआप कळतं.

आता गरज किती ते पाहू. बऱ्याच घरांत स्वयंपाक गॅसवर गेला. लाकूड उरलं ते मुख्यतः अंघोळीच्या पाण्याला. बंबाला रोज चार किलो जळण लागते असे धरले तरी वर्षाचे दीड टनाच्या आत बसते. एवढं लाकूड आधी तुकडे करून ठेवलं असेल तर यंत्र एक-दोन दिवसांत फोडून टाकील. उरलेले ३६३ दिवस ते गोठ्यात गंजत पडणार आणि त्याचा हप्ता मात्र उसाच्या बिलातून जाणार. शिवाय बंबाच्या नळीत ओंडका जात नाही, बारीक ढलपी जाते. यंत्राने चार फाका कराव्यात, शेवटची ढलपी कुऱ्हाडीनेच काढावी लागते. मग बावीस टन कशाला?

कोणी म्हणेल, बाभळीच्या गाठीला सात टन पुरत नाहीत. खरे आहे. म्हणूनच घरगुती विजेवरचे लहान यंत्रही आम्ही सुचवीत नाही. आमचे स्पष्ट मत असे की गावात किंवा गटात एकच यंत्र असावे, दहा-बारा टनांचे, ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारे. त्याला वेगळे इंजिन लागत नाही. पंप मिनिटाला २५ लिटर तेल देत असेल तर ५० सेंटिमीटरचा दट्ट्या दहा सेकंदांच्या आत पुढे जातो. घरच्या जळणाला एवढा वेग भरपूर झाला.

मात्र एक गोष्ट घेण्याआधी तपासावी. आपल्या ट्रॉलीचा जॅक नुसता वर उचलतो, खाली येतो तो वजनाने. फोडणीच्या दट्ट्याला तेलानेच मागे आणावे लागते. यास्तव ट्रॅक्टरला डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह आणि परतीचा पाइप हवा. तो नसेल तर यंत्र आणूनही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट हातांची. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय पाते हलणार नाही, अशीच रचना असलेले यंत्र घ्यावे. एकाने लाकूड लावायचे आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, ही घाई बोटे घेऊन जाते. पाइपातून तेल झिरपते का हे हाताने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीत शिरते. वरून टाचणीएवढे दिसले तरी तडक दवाखाना गाठावा.

वेळही ठरलेली असावी. गाळप हंगामात ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला गुंतलेले असतात. पट्टा पडला की एप्रिलात पाळीपाळीने प्रत्येकाचे लाकूड फोडावे, मेचे ऊन द्यावे आणि मृगाआधी आडोशाला रचावे. ओलं लाकूड धूर करतं, आणि तो धूर घरातल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांत व छातीत जातो. वाळलेल्या लाकडाचा बंबसुद्धा बंद न्हाणीघरात पेटवू नये. तो वायू दिसत नाही, पण जीव घेतो.

आणखी एक भीती आम्हाला वाटते. दारात रिकामं यंत्र उभं असलं की ते लाकूड मागतं. वाळल्या फांद्या संपल्या की नजर बांधावरच्या झाडाकडे जाते. आंबा, चिंच, जांभूळ तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, हे लक्षात असू द्यावे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या सावलीत ऊसतोडीची माणसं भाकरी खातात ती सावली जाळून पाणी तापवण्यात शहाणपण कसले?

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना गाळपास लागला. एकेकट्याला जे झेपत नाही ते मिळून घ्यायचे, हे आपण तिथून शिकलो. मग एवढ्याशा यंत्रासाठी घरोघरी कर्ज काढणे आपल्याला शोभत नाही. यंत्र घेण्याआधी तांबट आळीतल्या त्या कारागिराचे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावेत : घरात माणसं किती, आणि जळण काय घालता? उत्तर मिळाले की टनांचा हिशेब आपोआप सुटेल. गटागटांच्या बैठकीत सभासदांनी यावर अवश्य बोलावे, ही विनंती.