देवाचा हिवाळी पत्ता

सगर गावातून निघालो तेव्हा सोबतचा पोरगा मला ‘दीदी’ म्हणत होता. दुपारी चढावर मी चौथ्यांदा बसकण मारली आणि तेव्हापासून मी ‘माताजी’ झाले. रुद्रनाथच्या वाटेवर बढती अशी मिळते.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, गोपेश्वरपासून जवळच हे सगर. तिथे मोटार थांबते आणि पुढे वीसेक किलोमीटर पायपीट. पांडव कुलहत्येचं पाप फेडायला शंकराला शोधत आले, तो बैल होऊन जमिनीत शिरला आणि पाच ठिकाणी वर निघाला, अशी कथा. केदारनाथला वशिंड, तुंगनाथला बाहू, मध्यमहेश्वरला नाभी, कल्पेश्वरला जटा आणि रुद्रनाथला मुख. गंमत अशी, की पाठीच्या दर्शनाला लाखोंची रांग आणि तोंड पाहायला त्या दिवशी आम्ही मोजून अठरा जण.

आधी ओक आणि बुरांशचं दाट जंगल. मग झाडं एकदम संपतात आणि पनारचं बुग्याल समोर येतं. बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गवताळ कुरण. खालच्या गावांतले लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन इथे येतात, छान्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये राहतात आणि थंडी पडायच्या आत उतरतात. आम्ही अशाच एका छानीत मुक्काम केला. धुराने डोळे चुरचुरत होते, पण चहा असा, की अजून चव जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी पितृधार लागते. इथे लोक पितरांच्या नावाने दगड ठेवतात. पर्वतीच्या शंभर पायऱ्यांनाही कुरकुरणाऱ्या माझ्या बाबांना साडेतीन हजार मीटरवर आणून बसवायचं, म्हणजे जरा अन्यायच. म्हणून चांगला सपाट दगड शोधला, टेकून बसता येईल असा. पोरगा म्हणाला, “माताजी, छोटा भी चलता है.” मी म्हटलं, “त्यांना चालत नाही.” मराठीतच म्हटलं.

देऊळ लहान. गुहेत मान किंचित कलती केलेलं शिवाचं मुख. मी फार वेळ उभी राहिले नाही. पाय थरथरत होते आणि मागे एक म्हातारे गृहस्थ खोळंबले होते.

खाली आल्यावर आईला फोन लावला. ती अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले. तिने पेपरात वाचलं होतं, की 2025 च्या मार्चमध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्राने मंजुरी दिली. 12.9 किलोमीटर, आठ-नऊ तासांची वाट 36 मिनिटांत. “रुद्रनाथलाही करतील का गं?” तिने विचारलं. मी गप्प. केदारनाथला होऊ दे, तिथली गर्दी आता हटणारी नाही. पण पनारच्या गवतावर मला खांब नको आहेत. हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार? मी स्वतः नुकतीच जाऊन आलेली.

मग विषय बदलायला म्हणून सांगितलं, की ऑक्टोबरात इथले कपाट बंद होतात.

“देवाला कपाटात ठेवतात?”

“अगं, कपाट म्हणजे दारं. बर्फ पडतं ना.”

“आणि देव?”

देवही गुरांसारखाच खाली उतरतो. डोली खांद्यावरून गोपेश्वरच्या गोपीनाथ मंदिरात येते. अंगणात उंच लोखंडी त्रिशूळ असलेलं ते जुनं देऊळ. मेमध्ये पुन्हा वर जाईपर्यंत रुद्रनाथाची पूजा तिथेच चालते. आणि गोपेश्वर म्हणजे जिल्ह्याच्या कचेऱ्यांचं गाव. बाजार आहे, डांबरी रस्ता आहे, मोटार थेट जाते.

हे ऐकून आई क्षणभर थांबली. “मग मघाशी का नाही सांगितलंस?”

जानेवारीची तिकिटं काढायला सांगितली आहेत. खोली तळमजल्यावरची हवी, हेही बजावलं आहे.