आधी निर्णय, मग पुरावा

अमेरिका व ब्रिटन यांनी २० मार्च २००३ रोजी इराकवर आक्रमण केले. इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रे आहेत, हे त्याचे जाहीर कारण होते. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले होते. ते मुख्यतः जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी इसमाच्या सांगण्यावर बेतलेले होते. आपण खोटे बोललो, अशी कबुली त्याने पुढे २०११ मध्ये दिली. हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक तेव्हा इराकमध्येच तपास करीत होते व आणखी काही महिने मागत होते. ते त्यांना मिळाले नाहीत. शस्त्रसाठे युद्धानंतरही सापडले नाहीत.

सद्दाम हुसेन क्रूर होता, म्हणून त्याला हटवणे योग्यच होते, असा युक्तिवाद आजही केला जातो. त्याची क्रूरता निर्विवाद आहे. परंतु १९८८ मध्ये त्याच्या फौजांनी हलब्जा येथील हजारो कुर्दांना विषारी वायूने मारले, तेव्हा ती शस्त्रे त्याच्याजवळ खरोखरच होती आणि बडी राष्ट्रे त्याच्याशी संबंध राखून होती. शस्त्रे असताना सलोखा आणि नसताना आक्रमण, ही विसंगती न्यायाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

परिणाम इराकी जनतेने भोगले. मे २००३ मध्ये एका आदेशाने इराकी सैन्य बरखास्त झाले; काही लाख प्रशिक्षित माणसे एकाएकी बेकार व अपमानित झाली आणि त्यांतील अनेक जण बंडखोरांना मिळाले. २००६ मध्ये समारा येथील पवित्र वास्तूचा सोनेरी घुमट स्फोटाने उद्ध्वस्त झाल्यावर शिया-सुन्नी रक्तपाताने कळस गाठला. २०१४ मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले. नोंद झालेले नागरिकांचे मृत्यूच एक लाखाहून अधिक आहेत.

शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध पुकारले गेले, असा निष्कर्ष ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये काढला. इतक्या घाईने युद्ध कशासाठी, हा प्रश्न रॉबिन कुक यांनी मात्र युद्धापूर्वीच विचारला होता आणि त्यासाठी मंत्रिपद सोडले होते.

युद्धाचा निर्णय मूठभर माणसे घेतात. त्याला बळ मिळते ते गप्प राहणाऱ्या बहुसंख्यांकडून. म्हणून शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ‘हे कशावरून?’ असे निर्भयपणे विचारता आले पाहिजे. मोठ्यांनीही त्या प्रश्नाला उद्धटपणा समजू नये.