जुने अर्थशास्त्र आणि वरळीची जमीन

स्मिथ, रिकार्डो आणि मिल यांचे अर्थशास्त्र आता इतिहासजमा झाले. विद्यार्थ्यांनी त्यांत काळ का दवडावा, असे म्हणणारे पंडित आज पुष्कळ भेटतात. त्यांपैकी कोणी एकदा वरळीस डोळे उघडे ठेवून हिंडेल, तर विद्येवर उपकार होतील.

येथे घर महाग का, असे विचारता ठरीव उत्तर मिळते : जमीन महाग म्हणून. या उत्तरास सुशिक्षितही मान डोलावतात. वस्तुतः या समजुतीचा निकाल रिकार्डोने १८१७ सालीच लावला आहे. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महागत नाही. धान्य महाग विकते म्हणून खंड वाढतो, हा त्याचा सिद्धांत. धान्याच्या जागी घर घाला. एकट्या बांधणाऱ्याच्या वहीत जमिनीची किंमत खर्चाकडे पडते हे खरे. परंतु ती किंमत मुळात ठरते घराला येणाऱ्या भावावरून. कार्यालाच कारण समजणाऱ्याचे आलेख कितीही रेखीव असोत, त्यांचा उपयोग काय?

बरे, हा भाव चढविला कोणी? २००९ साली सागरी सेतू खुला झाला, २०२४ साली सागरी किनारा मार्ग. पैसा व श्रम सार्वजनिक. लगतच्या भूखंडांची वाढ मात्र धन्याच्या पदरात! अशा अनर्जित वाढीवर सरकारने कर घ्यावा, असे मिलने १८४८ च्या ग्रंथात निःसंदिग्धपणे प्रतिपादिले आहे.

गिरण्यांचेही तेच. १९८२ च्या संपानंतर सुतापेक्षा जमीन अधिक मोलाची ठरली. १९९१ च्या नियमाने तिचा मोठा भाग मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आकसली; २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. आम्ही याला नगररचनेचा तंटा म्हटले. तो वस्तुतः खंडाचा तंटा होता. धनी, भांडवलवाला आणि कामगार यांच्यात उत्पन्न कसे वाटले जाते, हाच अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्न, असे रिकार्डोने म्हटले होते ते याचसाठी.

यावर कोणी न्यायमूर्ती रानड्यांचा दाखला देतील. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी इंग्रजी सिद्धांत सर्व देशांस सरसकट लागू पडत नाहीत असे बजावले, हे खरेच. परंतु रानड्यांनी ते ग्रंथ पचवून मग त्यांच्याशी वाद घातला. आमचे पंडित न वाचताच निकाल देतात. पहिल्यास खंडन म्हणतात, दुसऱ्यास आळस.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ सालीच ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहून हे शास्त्र मराठीत आणले. त्या वेळी मुंबईस विद्यापीठही नव्हते. आज विद्यापीठ आहे, ग्रंथालये आहेत, आणि घराच्या कर्जाखाली वाकलेला मध्यमवर्गही आहे. आपल्या मिळकतीचा लचका कोण तोडतो, हे त्याला कळू नये अशी कोणाची इच्छा असेल, तर त्याने खुशाल जुने अर्थशास्त्र अभ्यासक्रमातून काढून टाकावे.