पडद्याचं कापड आणि दादींची ओढणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या त्र्यंबकेश्वरच्या घरात मधल्या खोलीचा स्टुडिओ झाला. निमित्त दादींचं. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं बंद आहे. आताशा बोलता बोलता नावंही विसरतात. आमच्या लेकीनं ठरवलं, दादींच्या जुन्या आठवणी मोबाइलवर चित्रित करायच्या आणि मागे त्यांचा लाडका ब्रह्मगिरी दाखवायचा. पुढच्या वर्षी करू, असं म्हणायची सोय नव्हती.

यासाठी माणसामागे एकाच रंगाचा पडदा लावतात. मग अॅप तो रंग पुसून तिथे हवं ते चित्र बसवतं. अशा करामती आपल्या नाशिक जिल्ह्याला नव्या नाहीत. कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी पडद्यावर चमत्कार घडवणारे दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी आमच्याच गावात जन्मले. मालेगावच्या शेख नासिर यांनी तर यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांना हिरव्या पडद्याच्या मदतीनं सुपरमॅन बनवून उडवलं. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती धडपड पाहायला मिळते.

आम्ही आधी घरातलंच कापड शोधलं. पेटीत हिरवं साटीन होतं, चादरीसाठी घेतलेलं. दादी म्हणाल्या, “ते दर्ग्यासाठी आहे, भिंतीसाठी नाही.” बरंच झालं. साटीन चमकतं; जिथे उजेड पडतो तिथे ते पांढरं दिसतं आणि अॅपला तो भाग हिरवा वाटतच नाही. जॉर्जेट आणि अस्तराचं पातळ कापडही नको, आरपार भिंत दिसते. साधं, बिनचमकीचं, घट्ट विणीचं सुती पॉपलीन उत्तम. होजियरीचं कापड थोडं ताणून लावलं की सुरकुत्या राहत नाहीत.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. कापडाचा एकच पदर धरून मागे हात ठेवा. बोटं दिसली तर ते पातळ आहे. मग मोबाइलची बॅटरी मारा. पांढरा ठिपका चमकला तर परत ठेवा. पन्हा मोठा मागा, कारण मध्ये शिवण आली की तिची सावली रेघेसारखी दिसते. घरी आणल्यावर धुवा, कांजी न करता इस्त्री करा आणि कडांना चिमटे लावून ताणा. पावसाळी हवेत आमचं कापड रात्रीतून पुन्हा चुरगळलं होतं, म्हणून इस्त्री चित्रणाच्या दिवशीच करावी.

पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड हवा. बसणाऱ्यानं पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसावं, नाहीतर सावली पडते आणि गालांवर हिरवी झाक येते.

हे सगळं केलं, दादी बसल्या, चित्रण झालं. पाहतो तर खांद्यापासून छातीपर्यंत डोंगरच! दादींची ओढणी हिरवी होती, अॅपनं तीही पुसली. आम्ही म्हटलं, “दादी, पांढरी ओढणी घ्या ना.” दादी काही बोलल्या नाहीत, फक्त ओढणीचं टोक घट्ट धरलं. ती दादाजींनी आणलेली शेवटची ओढणी.

चूक आमची होती. हिरवा रंग वापरतात तो माणसाच्या कातडीत फारसा नसतो म्हणून, आणि डिजिटल कॅमेऱ्यात हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात म्हणून. पण निळाही कातडीत फारसा नसतो. फक्त त्याला उजेड थोडा जास्त लागतो. तेव्हा आधी पाहावं की काय राखायचं आहे, आणि मग पुसायचा रंग ठरवावा. आम्ही उलटं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी निळं पॉपलीन आणलं, एक दिवा वाढवला. दादी हिरव्या ओढणीत पाऊण तास बोलल्या. चित्रण पाहून म्हणाल्या, “एवढा कोरडा डोंगर? पाऊस कुठे गेला?” लेकीनं लगेच पावसातला फोटो शोधायला घेतला.

हिरव्या पॉपलीनचं आम्ही शिलाई मशीनसाठी झाकण शिवलं.