आधी तळं, मग हिरवळ

ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुन नावाच्या इजिप्शियन कारकुनाच्या थडग्यातलं एक भित्तिचित्र आहे, इसवी सनापूर्वी १३५० च्या आसपासचं. धान्याचा हिशेब ठेवणारा हा माणूस. त्याची बाग मात्र राजेशाही. मधोमध चौकोनी तळं, त्यात मासे, बदकं, कमळं. काठाने खजूर आणि सिकॅमोर, म्हणजे आपल्या उंबराचाच भाऊबंद. आज लँडस्केपवाले सरळ हौद नि दुतर्फा झाडांचा जो नकाशा पुढे ठेवतात, तो इतका जुना आहे. फरक एवढाच, की तिथे शोभेच्या झाडाला फळही लागत असे.

धर्माबादकरांना हे सांगायचं कारण बाभळीचा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी. पूर जाऊ द्यायचा नि मागे उरेल त्यावर निभवायचं, हे नाईलकाठच्या माणसाला लगेच कळलं असतं. आपण मात्र बागेची सुरुवात लॉनने करतो. उन्हाळ्यात ते बाजारातल्या मिरचीआधी वाळतं.

या अंकाचा विषय बाग आहे. वाचून झाल्यावर गावतळ्याच्या काठी एक उंबर लावा आणि आम्हाला कळवा.